घोडी आणण्याआधी तिचं ठाण ठरवा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडं घेणारा माणूस बघण्यासारखा असतो. ओठ उचलून दात बघतो, वयाचा अंदाज घेतो. अंगावरचे भोवरे तपासतो, गळ्याशी देवमण आहे का ते बोटाने चाचपतो. पंचकल्याणी असेल तर डोळ्यांत चमक येते. मग रेवाल चाल, मग नाचकाम, मग भाव. हे सगळं होतं, पण ‘घरी नेऊन बांधणार कुठे?’ हा प्रश्न सौद्याच्या वेळी कुणाच्या तोंडून निघत नाही. माझ्या मते तो पहिला प्रश्न आहे.

यात्रा भरते दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला. तापीकाठची थंडी असते, ऊन हवंहवंसं वाटतं. त्या हवेत घोडं कुठेही बांधलं तरी मजेत उभं राहतं, आणि इथेच माणूस फसतो. जागा निवडायची ती वैशाख आणि श्रावण डोळ्यांपुढे ठेवून. आपण मात्र ती मार्गशीर्षात उभे राहून निवडतो.

आमच्याकडे मारवाडी घोडी आली तीही अशीच थंडीत. आबांची हौस होती की घोडी दारात दिसली पाहिजे. गावाकडे दारातलं घोडं ही घराची इभ्रत असते, त्यामुळे ओट्यालगतच्या पडवीत तिचं ठाण झालं. वर लोखंडी पत्रा, तिन्ही बाजूंना भिंती, तोंड पश्चिमेला. हिवाळाभर येणारा-जाणारा थांबून तिला बघायचा.

चैत्र सरला आणि पारा 42 अंशांच्या वर गेला. पत्रा डोक्याच्या हातभर वर, दुपारनंतरचं ऊन थेट आत. एके दुपारी ती चंदीला तोंड लावेना. नाकपुड्या फुलून आतला लाल रंग दिसत होता, कुशी भात्यासारख्या हलत होत्या, पाठीवर हात ठेवला तर चटका बसत होता. डॉक्टरांनी ताप मोजला, तो 41 अंशांच्या आसपास. घोड्याचं नेहमीचं तापमान 38 अंशांच्या जवळपास असतं. शेजारचे म्हणत होते, तापल्या अंगावर गार पाणी टाकू नका, घोडं आखडेल. डॉक्टरांनी तो समज तिथेच खोडून काढला. नळी लावून अंगभर सतत पाणी सोडायला सांगितलं, आणि तिला निंबाखाली, वाऱ्यावर नेलं. संध्याकाळी तिने पाण्यात तोंड घातलं तेव्हा आबा ओट्यावर बसले. तोवर ते उभेच होते.

आता तिचं ठाण मागच्या खळ्यात आहे. ते करताना जे कळलं ते सांगतो.

पाठ पश्चिमेला हवी, उघडी बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला निंबासारखं जुनं झाड असेल तर त्याच्या फांदीलाही हात लावू नका. छप्पर कमीत कमी दहा-बारा फूट उंच ठेवा. पत्राच घालायचा असेल तर वरून चुना फासा आणि गवताचा थर द्या. मोकळं सोडायचं असेल तर बारा बाय बारा फुटांची जागा लागते. अरुंद जागेत घोडं लोळताना पाय भिंतीला अडकतात, मग उठता येत नाही, आणि धडपडीत ते स्वतःला फार इजा करून घेतं. घोडं उभ्याने डुलकी काढतं हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं.

जमिनीबद्दल दोन शब्द जास्त सांगतो. गुळगुळीत फरशी नको, नाल घसरते. ठोकलेला मुरूम चांगला, त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. श्रावणात ओल साचली की खुराच्या तळव्यातला मऊ भाग सडतो, काळसर घाण येते आणि दुर्गंधी सुटते. दुसरं, मुताचा वास. आपण उभे असतो म्हणून तो आपल्याला जाणवत नाही, पण घोड्याचं नाक वैरणीत, जमिनीशी असतं. पहाटे, लीद काढण्याआधी, ठाणात उकिडवे बसा आणि दीर्घ श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाही असं समजा. घोडं तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, जे काही आत जातं ते नाकातूनच. अशा हवेत आणि कडब्याच्या धुळीत ठेवलेलं घोडं पुढे खोकायला लागतं.

शेजारी काय आहे तेही बघा. धान्याची खोली ठाणाला लागून असेल तर कडी भक्कम हवी. घोड्याला उलटी होत नाही. रात्री सुटून पोतं फस्त केलं तर पोटशूळ उठतो, खुरांत दाह होतो, जीवही जातो. पूजेच्या फुलांसाठी लावलेली कण्हेर फार विषारी, तिची पानं तोंडाशी येतील असं ठाण नको. कपाशीची फवारणीची औषधं, खताची पोती, काटेरी तार, सगळं लांब.

घरी आधीचं घोडं असेल तर यात्रेतून आणलेलं नवं जनावर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, बादली आणि खराराही वेगळा. यात्रेत चहूकडची जनावरं एकत्र येतात. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो, आणि तो आढळला तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

पण वेगळं म्हणजे एकटं नव्हे. घोडं कळपातलं जनावर आहे. आमची घोडी खळ्यात गेल्यावर सुरुवातीला रात्रभर खिंकाळायची. समोर शेळी बांधली तेव्हा शांत झाली.

यंदा घोडं घ्यायचं मनात असेल तर आजच जागा शोधा. पुढच्या वैशाखात भर दुपारी तिथे स्वतः तासभर बसा, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं ते बघा आणि मगच पैशांची जुळवाजुळव करा. तोवर यात्रेला जरूर जा, एकमुखी दत्ताचं दर्शन घ्या, घोडे डोळे भरून बघा. सौदा मात्र पुढच्या वर्षी करा.