दारच्या कुत्र्याचं लसीचं कार्ड आहे का?

सख्यांनो, म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं गोठ्यापर्यंत येतात. शेळ्यांना कुठली लस कधी, ते पशुसखी सांगते. पण ज्याच्या जिवावर आपण रात्री निर्धास्त झोपतो, त्या कुत्र्याची लस कोण बघतं? म्हैस दूध देते, कुत्रं नुसती भाकरी खातं, असं म्हणून तो विषय राहूनच जातो. आणि रेबीज तर असा, की माणसात एकदा लक्षणं दिसली की त्यावर औषध नाही. हा रोग माणसाला जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच होतो, आणि चावा बसतो तो अनेकदा खेळणाऱ्या लेकरांना.

आता तारखा बघू. समजा, पिल्लू 1 नोव्हेंबरला जन्मलं. डिसेंबरच्या सुरुवातीला जंताचं औषध द्या. सात आठवडे झाले की, म्हणजे 20 डिसेंबरच्या सुमारास, पार्वो आणि डिस्टेंपरची एकत्रित लस. पार्वो म्हणजे रक्ताची हगवण आणि उलट्या. दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. हीच लस 17 जानेवारीला पुन्हा. 24 जानेवारीला पिल्लू बारा आठवड्यांचं होतं, तेव्हा रेबीजची लस. तीन आठवड्यांनी, 14 फेब्रुवारीला, दोन्ही लसी परत. पुढं दरवर्षी. डॉक्टर दोन-चार दिवस मागंपुढं करतील, ते त्यांचं ऐका.

“एकदा टोचलंय की!” असं पुष्कळ जणी म्हणतात. एका डोसावर भागत नाही. बचतीचा एक हप्ता भरून कर्ज मिळतं का? कार्ड मागून घ्या आणि पुढची तारीख तिथंच कालनिर्णयवर लिहा. मोठ्या कुत्र्याला कधीच टोचलं नसेल तर वयाचा विचार नको, आता सुरू करा. फक्त कुत्रं तापलेलं, मलूल असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लस दुकानातून स्वतः आणणार असाल तर बर्फातच आणा, उन्हात पिशवीत ठेवलेली लस टोचून उपयोग नाही. त्यापेक्षा वस्तीतल्या पाच-सहा घरांनी मिळून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून एकच दिवस ठरवला, तर रिक्षाचं भाडंही वाटून जातं.

इतकं करूनही कुणाला कुत्रं चावलंच, मग ते घरचं का असेना, जखमेवर मिरची, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण पाच मिनिटांतच आपल्याला पुष्कळ धुतल्यासारखं वाटतं. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं. तिथं नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापूरचं सीपीआर. सगळे डोस पुरे करा. कुत्र्याला मारू नका, बांधून दहा दिवस नजर ठेवा. ते मेलं किंवा वागणं बदललं तर लगेच डॉक्टरांना कळवा.