चाकाचे बोल्ट जाड नकोत, अस्सल हवेत

गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या जंगलवाटांवर तेंदूपत्ता वा बांबूच्या ट्रकचे चाकाचे बोल्ट तुटले की मालक जाड बोल्ट मागतो. त्यासाठी हबची भोके वाढवावी लागतात व हबच कमजोर होतो. आम्ही ते सुचविणार नाही. माप तेच ठेवावे, दर्जा पाहावा.

बोल्टावरचा आकडा वाचावा. 8.8 चा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे 80 किलो ताणाला तुटतो व त्याच्या 80 टक्क्यांवर कायमचा लांबतो. 10.9 मध्ये हेच 100 किलो व 90 टक्के. अवजड ट्रकला बहुधा कारखान्यातूनच 10.9 येतो; बदलताना त्याखाली उतरू नये. साधा बोल्ट 10.9 म्हणून खपविणाऱ्याची कमाई हलाल कशी म्हणावी? त्यावर ड्रायव्हर-क्लीनरचा जीव असतो.

मात्र उत्तम बोल्टही ढिला राहिला की तुटतोच. नट आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या पकडीनेच चाक हबला घट्ट बसते. मध्ये गंज, माती किंवा रंगाचा जाड थर राहिला तर पकड सुटते, चाक हलते व बोल्ट प्रत्येक फेरीत वाकून थकतो. म्हणून बैठक घासून साफ करावी. नट समोरासमोरचे आवळावेत, तेही टॉर्क पान्याने. पान्याला पाइप लावून त्यावर उभे राहण्याची आपल्याकडची पद्धत बोल्टाचा घात करते. 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. एक बोल्ट तुटला तर दोन्ही शेजारचेही बदलावेत. दोन तुटले तर त्या चाकाचे सगळेच.