ड्रायर घेण्याआधी वीज मोजा : व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि वॅट

पापड, मसाले किंवा भाज्या सुकवण्यासाठी इलेक्ट्रिक ड्रायर घ्यायचा विचार करताय? मग व्हिडिओत दाखवलेला हिशोब इथे नीट वहीत उतरवून घ्या. दहावीच्या विज्ञानातला ओहमचा नियम आहे, फक्त आता तो मार्कांसाठी नाही, धंद्यासाठी वापरायचाय.

दोन सूत्रं

रेझिस्टन्स (ओहम) = व्होल्ट ÷ अँपिअर
पॉवर (वॅट) = व्होल्ट × अँपिअर

उदाहरण

समजा, ड्रायरच्या हीटरला 230 व्होल्ट मिळतायत आणि क्लॅम्प मीटरवर 8.7 अँपिअर दिसतायत.

रेझिस्टन्स = 230 ÷ 8.7 = साधारण 26.4 ओहम
पॉवर = 230 × 8.7 = साधारण 2000 वॅट, म्हणजे 2 किलोवॅट

एक किलोवॅट एक तास चाललं की एक युनिट. हा हीटर सलग 5 तास चालला तर 10 युनिट. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर लावा, एका घाण्याचा वीजखर्च हातात आला.

खरी गंमत पुढे आहे

तुमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं का? हीटरची तार तीच, म्हणून रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो.

करंट = 180 ÷ 26.4 = साधारण 6.8 अँपिअर
पॉवर = 180 × 6.8 = साधारण 1225 वॅट

बघा, व्होल्टेज पाव हिश्श्याहून कमी उतरलं, पण उष्णता जवळजवळ 40 टक्के घटली! कारण व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, आणि पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार. 5 तासांच्या कामाला आता 8 तासांच्या वर लागतील. युनिट निदान तेवढेच पडतील, पण मजुरी वाढेल, माल अर्धवट सुकला तर बुरशी येईल आणि ऑर्डर हातची जाईल. मशीनवाला "रोज दोन घाणे निघतील" म्हणतो, ते 230 व्होल्टवर. तुमचा हिशोब तुमच्या व्होल्टेजवर करा.

मोटरला हा हिशोब जसाच्या तसा लावू नका

गिरणी, मिक्सर, पंखा यांत मोटर असते. तिथे व्होल्ट ÷ अँपिअर केलं तर वायंडिंगचा रेझिस्टन्स मिळत नाही, आणि पॉवर काढताना पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, पण ती मोटरने शाफ्टवर दिलेली ताकद. वीज त्याहून जास्त खेचली जाते.

पैसे देण्याआधी चार गोष्टी करा

1. मशीनच्या नेमप्लेटचा फोटो मागवा. व्होल्ट, वॅट, अँपिअर वाचा.
2. जागेवरचं व्होल्टेज सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं आठवडाभर लिहून ठेवा.
3. 8.7 अँपिअरला 6 अँपिअरचा सॉकेट चालणार नाही. 16 अँपिअरचा सॉकेट, योग्य जाडीची वायर आणि अर्थिंग हवंच.
4. सगळ्या मशीनचे वॅट बेरीज करून बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून बघा.

आणि हो, मोजमाप परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आकडे त्याने घ्यावेत, हिशोब मात्र तुम्हीच करायचा.

गृहपाठ : 1000 वॅटचा, 230 व्होल्टचा हीटर 200 व्होल्टवर किती वॅट देईल? आधी स्वतः सोडवा. उत्तर साधारण 756 वॅट यायला हवं.