डिस्क गेली, असं म्हणण्याआधी

सांगली,
रविवार दुपार

चि. भाचेबाईस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुला उपाय सांगितला, कारण सांगितलं नाही. तुझ्या डोक्यावर सीनियर उभा होता, टेबलावर चाळीस कोरे लॅपटॉप मांडलेले होते आणि विंडोजच्या सेटअपला त्यांतल्या एकाचीही डिस्क दिसत नव्हती. अशा वेळी कारणमीमांसा सुरू केली तर माणूस फोन ठेवतो. काल तुझा मेसेज आला, ‘झालं मामा, सगळ्या दिसल्या.’ बरं वाटलं. पण ‘मामाने सांगितलं म्हणून झालं’ हे नोकरीत एकदा चालतं, फार तर दोनदा. म्हणून हे पत्र. सोबत एक डबी आहे, तिच्याविषयी शेवटी लिहितो.

पेनड्राइव्ह लावून आपण ‘विंडोज टाकतो’ म्हणतो, तेव्हा आधी एक छोटं विंडोज सुरू होतं. त्याला विनपीई म्हणतात. ते मेमरीतच चालतं आणि मोठ्या विंडोजसाठी जागा शोधणं हे त्याचं काम. त्याच्या झोळीत जेवढे ड्रायव्हर, तेवढंच हार्डवेअर त्याला दिसतं. ज्याचा ड्रायव्हर नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. सेटअप ‘डिस्क सापडली नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच दिसलेली नसते. मेली असं मात्र त्याने म्हटलेलं नसतं. ते आपण म्हणतो.

मीही म्हटलं होतं. २०२१ची गोष्ट. एका कॉलेजातले प्राध्यापक लॅपटॉप घेऊन दुकानात आले. अकराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, मशीन चालू होईना, दुरुस्तीच्या पडद्यावरच गोल गोल फिरायचं. मी पेनड्राइव्ह लावली, सेटअप उघडला, डिस्क नाही. वीस वर्षांचा अनुभव असल्यामुळे मला विचार करायची गरज वाटली नाही. म्हटलं, ‘सर, एसएसडी गेली. डेटाचं काही खरं नाही.’ सर खुर्चीवर बसले ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यात त्यांची आठ वर्षांची टिपणं होती. मी मागचं झाकण उघडून नवी ५१२ जीबीची एसएसडी बसवली, बिल केलं. रात्री विंडोज टाकायला बसलो, तर नवीही दिसेना. दोन एसएसडी एकाच दिवशी कशा मरतील? तेव्हा कुठे बायोस उघडून बघितलं. तिथे डिस्क स्वच्छ नावानिशी दिसत होती. हे दहा सेकंदांचं काम मी सकाळी केलं असतं तर त्या माणसाचा एक दिवस वाचला असता.

कारण तुझ्या चाळीस मशीनचं होतं तेच. अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत इंटेलचं व्हीएमडी नावाचं प्रकरण चालू असतं. डिस्क थेट विंडोजला न दिसता त्या व्हीएमडीच्या आडून दिसते आणि तो पडदा उघडायला इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लागतो. तो पेनड्राइव्हवरच्या विनपीईकडे नव्हता. सेटअपच्या त्याच पानावर खाली ‘लोड ड्रायव्हर’ लिहिलेलं असतं, मी ते हजार वेळा बघून सोडून दिलं होतं. आता तू फोनवर अडलीस ती जागा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून उतरवलेली ईएक्सई फाइल सेटअपला चालत नाही, आतली आयएनएफ आणि तिच्यासोबतच्या फाइली लागतात. ती ईएक्सई दुसऱ्या मशीनवर मोकळी करायची आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचा. बस्स.

ही काही नवी साथ नाही, म्हणून तर मला माझी लाज वाटली. एक्सपीच्या काळात साटा डिस्क एएचसीआय मोडमध्ये असली की सेटअप निळा पडायचा. सुरुवातीला पडद्याच्या तळाशी एफ-६ दाबायची सूचना यायची, चार-पाच सेकंद राहायची, आणि सेटअपला ड्रायव्हर हवा तो फ्लॉपीवरच. ज्या मशीनला फ्लॉपी ड्राइव्हच नाही त्यांच्यासाठी आम्ही एक सुटी फ्लॉपी ड्राइव्ह दुकानात देवासारखी जपून ठेवली होती. पुढे २०१५ला सहाव्या पिढीची मशीनं आली. विंडोज ७ होतं २००९चं, त्याच्या सेटअपकडे यूएसबी ३चा ड्रायव्हर नव्हता. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू व्हायचा आणि मग तीच पेनड्राइव्ह त्याला दिसेनाशी व्हायची. संदेश काय, तर सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर हवा! मशीनमध्ये डीव्हीडीच नाही. लोक बिचारे पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बूटेबल करत बसले. तीन वेळा एकच दुखणं, दर वेळी वेगळ्या नावाने.

तुझा सीनियर म्हणतो त्याप्रमाणे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करता येतं, हे खरं. कोऱ्या मशीनवर चालेलही. पण मला ते पटत नाही. चाळीस मशीनवर हाताने सेटिंग बदलायचं, आणि उद्या कुणी बायोस डिफॉल्टवर आणलं की तयार विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळं पडणार. विंडोज टाकलेल्या मशीनवर ते बदलावंच लागलं, तर आधी पुढचं बूट सेफ मोडमध्ये होईल असं लाव, मग बायोसमध्ये बदल कर, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ दे, मग नेहमीचं बूट परत लाव. सेफ मोडमध्ये विंडोज आवश्यक ड्रायव्हर उठवून बघतं, म्हणून हे जमतं.

तुझ्यासारखीने मात्र ड्रायव्हर इमेजमध्येच घालावा. इथे एक खड्डा आहे, त्यात सगळे एकदा पडतात. पेनड्राइव्हवर दोन विम फाइली असतात. इन्स्टॉल-विम म्हणजे मोठं विंडोज, बूट-विम म्हणजे ते छोटं. मंडळी डिझम वापरून इन्स्टॉल-विममध्ये सगळे ड्रायव्हर भरतात आणि डिस्क तरीही दिसत नाही म्हणून डोकं धरतात. बघणारा तर बूट-विममध्ये बसलाय! त्यातही बूट-विममध्ये दोन इमेज असतात. पहिली साधी विनपीई, दुसरी सेटअपची. डिस्कचा ड्रायव्हर दुसरीत हवाच. इन्स्टॉल-विममध्येही घाल, नाहीतर पहिल्या रीस्टार्टनंतर तेच रडगाणं. नेटवर्कवरून इमेज मारणार असशील तर लॅन कार्डाचा ड्रायव्हरही बूट इमेजमध्ये हवा. मशीन पीएक्सईने छान सुरू होतं आणि नंतर सर्व्हर सापडत नाही म्हणतं, कारण पीएक्सई चालवतं कार्डाचं स्वतःचं फर्मवेअर आणि विनपीईला लागतो विंडोजचा ड्रायव्हर.

अडलीस की सेटअपमध्ये शिफ्ट धरून एफ-१० दाब. काही लॅपटॉपांवर एफएन पण धरावं लागतं. काळी खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्टला डिस्कांची यादी विचार, आयपी मिळालाय का बघ, आणि विंडोज फोल्डरमधल्या ‘पँथर’ नावाच्या फोल्डरमधला लॉग उघड. मायक्रोसॉफ्टने सेटअपच्या लॉगचा फोल्डर पँथर का म्हणून ठेवला कोण जाणे, पण लक्षात राहतो. आधी लहान फाइल, सेटअप-एरर, मग लागलं तर मोठी, सेटअप-ॲक्ट. विंडोज टाकून झाल्यावर एखादा ड्रायव्हर बसत नसेल तर आयएनएफ फोल्डरमधला सेटअप-एपीआयचा लॉग. लॉग वाचायला कंटाळा येतो, मान्य. पण फॉरमॅट मारायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि फॉरमॅटनंतर लॉगही जातो.

डिस्कपार्टमधल्या ‘क्लीन’ला मात्र घाबरून राहा. तो न विचारता डिस्क पुसतो. एमबीआर डिस्कवर विंडोज बसत नाही असा संदेश आला की पोरं थेट क्लीन मारतात. आधी बाहेरच्या सगळ्या डिस्का काढ. मग बघ की तू पेनड्राइव्ह कशी चालू केलीस. बूट मेनूत ती अनेकदा दोनदा दिसते, एकदा यूईएफआय लावून, एकदा नुसती. तुझ्या नव्या मशीनांवर यूईएफआयच हवं. जुन्या मशीनवर डेटा ठेवून जीपीटी करायचं असेल तर विंडोज १०च्या २०१७च्या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे.

आता पिवळा त्रिकोण. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो दिसला की त्याचा कोड बघ. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण वस्तू सुरू होत नाही. ५२ म्हणजे सही जुळत नाही. ४३ म्हणजे वस्तूनेच हात वर केले. चारही रोग वेगळे, आणि आपल्याकडे चारहींवर औषध एकच, ‘विंडोज नवीन टाकू या’. मागे मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या आडतीत गेलो होतो. नवा पीसी, विंडोज ११, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन बिलात येईना. आधीच्या मुलाने दोनदा विंडोज टाकून दिलं होतं. मी काट्याची यूएसबी-सीरियल केबल लावून डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर उपकरणाच्या नावाच्या जागीच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ही आमची चिप नाही, विकणाऱ्याला विचारा. केबलमधली चिप नकली होती. जुना ड्रायव्हर ती चालवून घ्यायचा, नवा ओळखतो. दोनदा फॉरमॅट मारणाऱ्याने ते वाक्य दोनदा बघितलंच असणार. वाचलं नव्हतं. नवी केबल लावली, काटा बोलू लागला.

‘अननोन डिव्हाइस’ आलं तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघ. ‘व्हेन’पुढे ८०८६ असेल तर इंटेल (त्यांच्या १९७८च्या चिपचं नाव, असा मिश्कीलपणा हार्डवेअरवाल्यांना परवडतो), १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक. एवढं कळलं की ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून मशीनचा सर्व्हिस टॅग टाकून आण. आधी चिपसेट, मग बाकीचे. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारी जी पॅकं फिरतात ती माझ्या दुकानात बंद आहेत. मशीन पुसण्याआधी पीएनपी-युटिलने चालू ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून घ्यायची सवय लाव. वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, असं झालं तर अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू कर. बहुतेक वेळा चालतं.

अपग्रेड मध्येच उलटं फिरलं तर कोडची सुरुवात बघ. सी१९००१०१ने सुरू होणारे कोड बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतात, शेवटी ७००७० असेल तर जागा कमी आहे. सेटअप-डायग नावाचं मायक्रोसॉफ्टचं साधन लॉग चाळून कारण सांगतं.

एका नमुना मशीनची इमेज बाकीच्यांवर उतरवण्याआधी सिसप्रेप चालवतात, त्याबद्दल एकच. नमुना मशीन खऱ्या लॅपटॉपवर नको, व्हर्च्युअल मशीनवर कर, ऑडिट मोडमध्ये, नेट तोडून. नेट चालू राहिलं की स्टोअर मागच्या दाराने ॲप अद्ययावत करतं, ती एकाच वापरकर्त्याच्या नावावर चढतात आणि सिसप्रेप ‘इन्स्टॉलेशन तपासता आलं नाही’ म्हणत बसतो. कोणत्या ॲपमुळे अडलं ते त्याच्याच पँथर फोल्डरमध्ये नावासकट असतं.

आणि चाळीसच्या चाळीस मशीनवर एकदम काही सोडू नकोस. १९ जुलै २०२४चा शुक्रवार आठव, तू तेव्हा शेवटच्या वर्षाला होतीस. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक सदोष अपडेट गेलं, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसलेला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीनं निळी पडली. उपाय एका फाइलीचा होता. सेफ मोडमध्ये जायचं आणि ती पुसायची. पण एकेका मशीनपाशी माणूस जावा लागला, आणि जिथे बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद होती तिथे ४८ अंकी रिकव्हरी की हवी. ज्यांच्या किल्ल्या पडलेल्या सर्व्हरवरच होत्या, त्यांची काय अवस्था झाली असेल. तेव्हा पाच मशीनवर दोन दिवस चालव, मग पस्तीस. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबव, आणि प्रत्येक मशीनची किल्ली त्या मशीनबाहेर आहे ना, स्वतः बघ. सीनियरने ‘आहे’ म्हटलं तरी बघ.

ताईला सांग, गूळ पाठवलाय.

तुझा,
मामा

ता. क. डबीतली ५१२ जीबीची एसएसडी ती प्राध्यापकांच्या लॅपटॉपात एक रात्र बसलेली. दुसऱ्या दिवशी त्यांची जुनी परत लावली, टिपणं जशीच्या तशी होती, पैसे परत केले. हिचं पाकीट फोडलेलं असल्याने डीलरने घेतली नाही, तेव्हापासून गल्ल्याच्या खणात पडून होती. यूएसबीच्या डबीत घालून पाठवतोय. आत काही नाही, ड्रायव्हर तुझे तू भर.