स्वाध्यायपत्रिकेत चित्रांची योजना

संगणकावर स्वाध्यायपत्रिका तयार करताना चित्र आपल्या प्रश्नापासून ढळले, तर हानी बालकाची होते. ‘खालील फुलाचे भाग सांगा’ असे वाचून त्यास खाली बैल दिसावा, हे उचित नव्हे. वर्डमध्ये घातलेले चित्र सामान्यतः ओळीतच बसते व एखाद्या मोठ्या अक्षराप्रमाणे मजकुराबरोबर पुढेमागे सरकते. चित्राभोवती मजकूर वळविण्याचा पर्याय निवडल्यास ते मोकळे होते. मग ते भलत्या प्रश्नाशेजारी जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रश्नाचे चित्र ओळीतच ठेवावे. आकार बदलताना कोपरा धरून ओढावा. बाजू ओढल्यास चित्राचे प्रमाण बिघडते. छपाईपूर्वी शिक्षकांनी पत्रिका एकवार विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाचून पाहावी.