इंग्लंड व स्पेन यांचे वकील

वकील म्हणताच आमच्या विद्यार्थिमित्रांना न्यायकचेरी आठवेल. परंतु पेशवाईच्या कागदपत्रांत परदरबारी राहून धन्याचे काम पाहणारा तो वकील, त्याच अर्थाने आम्ही हा शब्द येथे योजिला आहे.

सातवा हेन्री इंग्लंडच्या गादीवर असता स्पेनच्या वतीने डॉक्टर दे पुएब्ला लंडनला राहत असे. बिचाऱ्याचा पगार क्वचितच वेळेवर येई! १५०७ साली अरागॉनच्या फर्डिनंड राजाने आपली विधवा कन्या कॅथराइन हिलाच वकिलीचा अधिकार दिला. युरोपातील पहिली स्त्री-वकील म्हणून तिचा उल्लेख होतो. दोन वर्षांनी ती आठव्या हेन्रीची राणी झाली.

एलिझाबेथ राणीच्या अमदानीत हा स्नेह आटला. १५६८ साली इंग्रज वकील जॉन मॅन यास स्पेनच्या दरबारातून निघावे लागले. त्याच्या जागी दुसरा गेला नाही. १५८४ साली लंडनातील वकील मेंडोझा हा खुद्द राणीविरुद्धच्या कटात सामील असल्याचे उघडकीस आले. आता त्यास दंड करावा काय? कायदेपंडित अल्बेरिको जेंतिली यास मत विचारले गेले. वकिलास शासन करू नये, केवळ घालवून द्यावे, असे त्याने सांगितले. आणि क्रोध आवरून राणीच्या मंत्र्यांनी तसेच केले. ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

दोन्ही दरबार आता वकिलावाचून राहिले. १५८५ साली युद्ध जुंपले, १५८८ साली आरमार चालून आले. तह झाला तो १६०४ साली. आणि पुढल्या वर्षी सर चार्ल्स कॉर्नवॉलिस स्पेनला गेला, तेव्हा इंग्रज वकिलाचे ते आसन सदतीस वर्षांनी भरले.