दुसऱ्याचा कागद

पूर्वीं व्यापारी महत्त्वाचा कागद लाखेची मोहोर करून विश्वासू जासुदाच्या हातीं देत. आज तोच कागद संगणकावरून क्षणांत जातो; तथापि मोहोर व जासूद यांची गरज सरली, असें आम्हांस वाटत नाहीं.

एक उदाहरण पाहूं. मूव्हइट ट्रान्सफर हें संस्थांना फायली सुरक्षितपणें पाठवितां याव्यात म्हणून केलेलें सॉफ्टवेअर. इ. स. २०२३ च्या मे महिन्यांत क्लॉप नांवाच्या टोळीनें त्यांतील एका अज्ञात छिद्रांतून अनेक संस्थांच्या फायली चोरून नेल्या. ब्रिटनमधील झेलिस कंपनी इतरांच्या पगाराचे हिशेब पाहते. तीही हेंच साधन वापरीत होती. त्यामुळें बी. बी. सी. व ब्रिटिश एअरवेज यांच्या नोकरांची माहिती चोरांच्या हातीं लागली. घराचें दार बंदच होतें. जासुदाची पिशवी मात्र फाटकी निघाली.

निर्मात्यांनीं दुरुस्ती ३१ मे रोजीं दिली. पण चोरी तत्पूर्वींच सुरू झाली होती. दुरुस्ती तत्काळ बसवावी हें खरेंच. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. अवश्य तेवढेंच पाठवावें, आणि पोंचतांच मधल्या ठिकाणाहून काढून टाकावें. जें तेथें नाहीं, तें चोरीस जात नाहीं. फाईल आधीं गूढ लिपींत बंद करावी, व तिची किल्ली निराळ्या मार्गानें कळवावी.

आमच्यापैकीं पुष्कळ विद्यार्थी उद्यां पेढ्यांत व कचेऱ्यांत बसतील. हातीं आलेला दुसऱ्याचा कागद ही ठेव आहे, हें आपण विसरूं नये.